काढणी हंगाम सल्ला: अफ्लाटॉक्सिन तपासणीसाठी भुईमूग व मक्याचा नमुना कसा घ्यावा

काढणीआधीच्या शेवटच्या 3 ते 6 आठवड्यांत पावसाने ओढ दिली असेल आणि जमीन तापली असेल, तर शेंगा वरून कितीही चांगल्या दिसोत, तपासणी टाळू नका. अशा ताणात ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी शेतातच दाण्यात शिरते. मक्यात ती कणसाच्या केसांतून आणि अळीने पोखरलेल्या दाण्यांतून आत जाते. तिने तयार केलेले अफ्लाटॉक्सिन हे विष डोळ्यांना दिसत नाही आणि भाजल्यानेही पूर्ण जात नाही.

प्रयोगशाळेतली यंत्रे आता किलोमागे एक मायक्रोग्रॅमहून कमी विषही मोजतात. मोठी चूक होते ती पोत्यापाशी. हे विष मालात सारखे पसरलेले नसते. हजारो निरोगी दाण्यांत एखादाच दाणा विषाने भरलेला असतो. अर्ध्या ग्रॅमच्या एका दाण्यात 500 मायक्रोग्रॅम विष असू शकते. तो एकटा दाणा 5 किलो दाण्यांची सरासरी किलोला 100 मायक्रोग्रॅमवर नेतो. प्रक्रियेसाठीच्या भुईमुगाला कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची) मर्यादा आहे किलोला 15 मायक्रोग्रॅम. म्हणजे तो दाणा पिशवीत आला तर माल नापास, नाही आला तर पास, आणि माल तर तोच! म्हणून वरच्या पोत्यातून ओंजळभर दाणे पाठवणे हे तपासणी न करण्यासारखेच आहे.

पाण्याचा ताण बसलेला पट्टा, उशिरा उपटलेला भाग आणि पावसात भिजलेला ढीग वेगळे ठेवा आणि प्रत्येकाचा नमुनाही वेगळा घ्या. एक टन भुईमुगासाठी निदान 30 जागांहून प्रत्येकी 200 ग्रॅम, म्हणजे 6 किलो घ्या. 10 टनांच्या पुढे 100 जागा आणि 20 किलो. मक्याला जागेमागे 100 ग्रॅम पुरतात. पोती भरताना पडत्या धारेखाली भांडे आडवे फिरवून थोड्या थोड्या वेळाने घेतलेला नमुना सर्वांत चांगला. भरलेल्या पोत्यातून घ्यायचा असेल तर नळीची सळई तळापर्यंत खुपसा. हादऱ्यांनी चुरा आणि बारीक दाणे खाली बसतात, आणि बुरशी बहुतेकदा त्यांच्यातच असते. सुरकुतलेले किंवा काळपट दाणे नमुन्यातून निवडून काढू नका.

सर्व हिस्से एकत्र करून अख्खा नमुना दळायचा, मगच त्यातला भाग मोजणीला घ्यायचा. अख्ख्या दाण्यांचे चार भाग करून एक भाग पाठवला की वर सांगितलेली चूक परत येते. भुईमूग दळताना तेल सुटून गोळा होतो, म्हणून ते काम प्रयोगशाळेवरच सोडा आणि नमुना पूर्ण दळणार का, हे आधी विचारा.

ओला नमुना प्लास्टिकमध्ये बांधू नका. वाटेतच बुरशी वाढते आणि अहवालात शेतातले नव्हे, पिशवीतले विष येते. आधी वाळवा (भुईमूग दाणे 7 ते 8 टक्के, मका 13 टक्के ओलावा), मग कापडी किंवा कागदी पिशवीत भरा. चिठ्ठीवर शेताचा भाग, काढणीची तारीख आणि ओलावा लिहा.

जागेवरच झटपट तपासणी करणारी पट्टी प्राथमिक चाळणीपुरती उपयोगी आहे, पण ती उलटी वाचली जाते. बहुतेक पट्ट्यांवर विष वाढले की तपासणीची रेघ फिकी होते, आणि रेघ नाहीशी होणे म्हणजे विष जास्त. नियंत्रण रेघ (पट्टी नीट चालली हे दाखवणारी) उमटली नाही तर ती पट्टी टाकून द्या. दिलेल्या मिनिटांनंतर वाचलेला निकालही धरू नका. मका जंबुपार (यूव्ही) दिव्याखाली पिवळसर हिरवा चमकला तर ती बुरशीची खूण आहे, विषाचे माप नव्हे. न चमकलेल्या दाण्यातही विष असू शकते.

मर्यादेच्या आसपास निकाल आला तर एचपीएलसी किंवा एलसी-एमएस/एमएस या प्रयोगशाळेतल्या अचूक पद्धतीने खात्री करा. मक्यासाठी यांतली दुसरी, एलसी-एमएस/एमएस, पद्धत मागा, कारण तिच्यात फ्युमोनिसिनसारखी इतर बुरशीविषेही एकाच वेळी मोजता येतात. साध्या पट्टीत बहुधा एकच विष कळते. अहवाल हाती आला की तीन गोष्टी पाहा: आकडा फक्त बी1 चा आहे की बी1, बी2, जी1, जी2 या अफ्लाटॉक्सिनच्या चारही प्रकारांच्या बेरजेचा, मोजणीची खालची मर्यादा किती, आणि अनिश्चितता किती. 'आढळले नाही' याचा अर्थ 'त्या खालच्या मर्यादेपेक्षा कमी' एवढाच. ती मर्यादाच किलोला 5 मायक्रोग्रॅम असेल, तर थेट खाण्याच्या मालासाठी युरोपीय संघाच्या 2 (बी1) आणि 4 (एकूण) या निकषांसाठी असा अहवाल निरुपयोगी.

माल नापास झाला तर सुरकुतलेले, रंग बदललेले, फुटक्या शेंगांतले दाणे काढून टाका. विषाचा मोठा वाटा त्यांच्यातच असतो. निवड करताना तोंडाला मास्क लावा. नंतर वरच्याच पद्धतीने नवा नमुना घ्या. काढलेले दाणे आणि त्यांची पेंड दुभत्या जनावरांना देऊ नका. जनावराच्या शरीरात बी1 चा काही भाग एम1 हा अफ्लाटॉक्सिनचाच प्रकार होऊन दुधात उतरतो.