पेडल स्टीलचा गंधार कानाने लावताना

पेडल स्टील म्हणजे आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवत आणि पेडलने तारांचे स्वर बदलत वाजवायची गिटार. ई-नाइन या जुळणीची दहा तारांची पेडल स्टील लावताना मी ट्यूनर, म्हणजे स्वर सुईने दाखवणारं यंत्र, फक्त आठव्या तारेपुरता वापरते. ती ई. बाकीच्या नऊ तारा मी तिच्याकडून मागून घेते.

मी मूळची सांगलीची, आता डॅलसला असते. लहानपणी आत्या रियाजाला बसली की मागे तंबोरा मी धरायची. तरी इथे स्टील घेतल्यावर पहिलं वर्ष दहाही तारांची सुई ट्यूनरवर मधोमध आणण्यात घालवलं. एकदा तशीच तालमीला गेले आणि ई मेजर कॉर्ड (ई, जी शार्प, बी एकत्र) लांबवला, तर तो खरखरायला लागला. पेडल, वायर, अँप, सगळं तपासून झालं. दोष होता सहाव्या तारेच्या जी शार्पमध्ये, म्हणजे ई सा धरला तर गंधारात. ट्यूनर दाखवतो तो पियानोचा गंधार, आणि तो तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा १४ सेंट चढा असतो. अर्ध्या स्वराचे १०० भाग केले तर त्यातले १४. साध्या गिटारवर कॉर्ड वाजतो आणि विरतो, तिथे हे खपून जातं. स्टीलवर कॉर्ड चार-पाच सेकंद धरून ठेवायचा असतो, आणि तेवढ्या वेळात तो फरक कानाला टोचतो.

वाद्य गाडीच्या डिकीतून आणलं असेल तर अर्धा तास खोलीत राहू द्या. बार बाजूला ठेवा, अँपचा रिव्हर्ब (घुमारा) बंद, पाय पेडलवरून आणि गुडघे त्यांच्या दांड्यांपासून मोकळे. तारा जुळवायच्या त्या हार्मोनिकवर, म्हणजे तार न दाबता नुसत्या स्पर्शाने निघणाऱ्या बारीक वरच्या स्वरावर. तो काढताना डाव्या अनामिकेचं टोक तारेला नुसतं टेकवायचं, उजव्या अंगठ्याने छेडायचं आणि बोट लगेच उचलायचं. स्टीलला उभे फ्रेट नसतात, खाली फक्त रंगवलेल्या रेघा असतात आणि तारा त्यांच्यापासून बऱ्याच वर. त्यामुळे मान पुढे काढून बरोबर वरून बघा. तिरकं पाहिलंत तर बोट रेघेवर आहे असं वाटतं, पण असतं भलतीकडे.

आधी सप्तक. आठवी तार ५व्या रेघेवर, चौथी (तीही ई) १२व्या रेघेवर. दोन्हीकडून एकच स्वर यायला हवा. जवळपास असतील तर आवाजात लाटा ऐकू येतात: वांव, वांव, वांव. खुंटी फिरवत जा. लाटा लांबत जातात, मग थांबतात. तार नेहमी थोडी उतरवून खालून चढवत आणा. वरून उतरवून सोडलेली तार पुढे आणखी सरकते. मग पंचम, म्हणजे बी: आठवी ७व्या रेघेवर, पाचवी १२व्या. दहावी तार पाचवीचंच खालचं सप्तक. ती ५व्या रेघेवर छेडून पाचवीच्या १२व्या रेघेशी जुळवा.

आता गंधार. आठव्या तारेवर ४थ्या रेघेच्या किंचित अलीकडे, खुंट्यांच्या बाजूला चारेक मिलिमीटर, बोट टेकवा. तारेचा बरोबर पाचवा भाग तिथे येतो. आवाज बारीक असतो आणि जागा नेमकी लागते, पहिल्या दिवशी पाच-सहा वेळा हुकेल. सापडला की ओळख पटते: तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटतो तो हाच गंधार. आत्या खर्ज छेडून थांबायची आणि विचारायची, "गंधार ऐकू आला का?" आला असं मी सांगेपर्यंत ती गायला सुरुवात करत नसे. सहावी तार ५व्या रेघेवर छेडा आणि लाट थांबेपर्यंत आठवीतून निघालेल्या या गंधाराशी जुळवा. ट्यूनर तेव्हा १४ सेंट उतरा दाखवील, दाखवू द्या. तिसरी तार सहावीवरून लागते: तिसरी १२व्यावर, सहावी ५व्यावर. दुसरी, डी शार्प, हा पाचव्या तारेचा गंधार, तोही याच रीतीने.

एफ शार्पशी मात्र तडजोड करावी लागते. पाचवी ७व्या रेघेवर आणि सातवी ५व्या रेघेवर जुळवली की बीशी एफ शार्प शुद्ध लागतो. पण ए नावाचा पेडल दाबून पाचवी तार बीवरून सी शार्पवर गेली की त्याला हवा असलेला एफ शार्प २२ सेंट खाली असतो. ई सा धरला तर एफ शार्प हा रिषभ, आणि आपल्याकडेही एका रिषभाच्या दोन जागा मानतात, त्यांतलं अंतर हेच. मी सातवी आधी बीशी जुळवते, मग आठ-दहा सेंट उतरवते. लाट दोन्हीकडे थोडी राहते. पहिली तार सातवीच्या सप्तकात.

पेडलचे स्वर खुंटीने लावायचे नसतात. ते उजव्या टोकाच्या नायलॉन नटांनी लागतात. बी नावाचा पेडल तिसरी आणि सहावी जी शार्पवरून ए स्वरावर नेतो. तो दाबून सहावी ७व्या रेघेवर आणि चौथी १२व्यावर: हा ए. मग ए आणि बी दोन्ही पेडल दाबून सहावीचा ४थ्या रेघेजवळचा गंधार आणि पाचवी ५व्या रेघेवर: हा सी शार्प. तिसरी आणि दहावी त्यांच्या सप्तकांवरून. नववी, डी, सर्वांत शेवटी. बी पेडल दाबून ती ७व्या रेघेवर आणि सहावी १२व्यावर.

बँडमध्ये कीबोर्ड असेल तर आठवी तार मुळातच थोडी चढी घ्या, म्हणजे गंधार फार खाली बसल्यासारखे वाटणार नाहीत. नॅशविलचे स्टील-शिक्षक जेफ न्यूमन यांच्या तक्त्यात ई ४४२.५ वर आहे, म्हणजे ट्यूनरचा ए नेहमीच्या ४४० हर्ट्झऐवजी ४४२.५ धरून लावलेली, जवळपास १० सेंट चढी.

शेवटी चौथ्या तारेवर १२व्या रेघेचा हार्मोनिक वाजवा आणि तो वाजत असतानाच ए-बी पेडल दाबा. ताण वाढला की पेटी किंचित वाकते आणि ई खाली घसरते. कान देऊन ऐका, घसरण कळते. जेवढी घसरली त्याच्या निम्म्याने ई चढवा, आणि सहावीचा गंधार पुन्हा जुळवायला घ्या.