बारावी सायन्सनंतर इंजिनिअरिंग कॉलेज: ऑप्शन फॉर्मची तयारी अकरावीपासूनच कशी करायची

सीईटीचा निकाल लागला की आमच्या भागातली मुलं आणि पालक ऑप्शन फॉर्म, म्हणजे हव्या त्या कॉलेज-ब्रँचची क्रमवार यादी, भरायला मदत मागायला येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, "एवढे पर्सेंटाइल आहेत, कुठलं कॉलेज मिळेल?" या प्रश्नाचं उत्तर कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारच्या केंद्रीय ॲडमिशनच्या फेऱ्यांमध्ये, कॉम्प्युटर देणारच आहे. तुम्हाला आधी उत्तर शोधायचंय ते "मला कुठलं हवंय आणि घरच्यांना कुठलं झेपेल" याचं, आणि ते निकालानंतरच्या आठ-दहा दिवसांच्या गडबडीत सापडत नाही, त्याला अकरावी-बारावीची दोन वर्षं हाताशी असतात ती वापरा.

सुरुवात कागदांपासून करा, कारण मार्क चांगले असून कागदापायी सीट गेलेली मुलं बघितली की फार वाईट वाटतं. रिझर्व्हेशनमधून ॲडमिशन घ्यायची असेल तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र म्हणजे व्हॅलिडिटी लागते आणि तिचा अर्ज अकरावी-बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत जिल्हा जात पडताळणी समितीकडे करता येतो. त्यासाठी जुने पुरावे शोधावे लागतात, एससीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, व्हीजेएनटीला (भटके-विमुक्त) २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा आणि ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकातली नोंद, जुना सातबारा असलं काहीतरी, आणि ते मिळवायला कधीकधी दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेत चकरा माराव्या लागतात. दिवाळीच्या सुट्टीत हे काम काढा. नॉन क्रिमी लेयरचा दाखला मात्र फार आधी काढून उपयोग नाही, तो ॲडमिशनच्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा हवा, म्हणजे २०२६-२७ च्या ॲडमिशनला ३१ मार्च २०२७ पर्यंतचा. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, ओपनमधल्यांना ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखला, हे सगळं सेतूमधून आधीच काढून ठेवा. आणि आधार, दहावीचं मार्कशीट, बँक पासबुक सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे ना ते आजच बघा.

आता कॉलेजची तुलना. एक वही घ्या किंवा मोबाईलवर शीट बनवा, एका ओळीत एक कॉलेज आणि एक ब्रँच. नुसतं कॉलेजचं नाव लिहू नका, कारण एकाच कॉलेजमध्ये कॉम्प्युटर आणि सिव्हिलच्या कटऑफमध्ये, म्हणजे शेवटची सीट किती पर्सेंटाइलला गेली त्यात, खूप फरक असतो आणि तुम्ही चार वर्षं शिकणार ती ब्रँच असते. सीईटी सेलच्या वेबसाइटवर मागच्या वर्षांच्या प्रत्येक राउंडच्या कटऑफच्या पीडीएफ फुकट आहेत, प्रायव्हेट क्लासवाल्यांनी विकलेली यादी घ्यायची काही गरज नाही. पीडीएफ उघडली की कोड बघून मुलं घाबरतात पण ते सोपं आहे, पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल म्हणजे मुलींच्या जागा, मधे कॅटेगरी, आणि शेवटचं अक्षर एस म्हणजे स्टेट लेव्हल, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या युनिव्हर्सिटीतल्या मुलांसाठी. तुम्ही बारावी सांगली-सातारा-कोल्हापुरातून केली असेल तर शिवाजी विद्यापीठ तुमचं होम, पुणे-नगर-नाशिकवाल्यांना सावित्रीबाई फुले, नांदेड-लातूर-परभणी-हिंगोलीला स्वामी रामानंद तीर्थ. आपल्याला लागू होणाराच रकाना बघायचा, भलत्याच रकान्यातला आकडा बघून कुणी उगाच निराश होतं तर कुणी उगाच खूश. कमीत कमी दोन वर्षांचे आकडे लिहा, आणि पहिल्या राउंडचा आणि शेवटच्या राउंडचा असे दोन्ही लिहा, म्हणजे कटऑफ किती खाली येतो ते कळतं.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नाहीत हे पालकांना नीट समजावून सांगा. ८५ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली साधारण ८५ मुलं तुमच्या मागे किंवा बरोबरीला. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपला लाखोंनी मुलं बसतात, त्यामुळे एका पर्सेंटाइलच्या फरकात काही हजार मुलं असतात, "दोनच कमी पडतायत, लागेल नंबर" असं धरून चालू नका. आणि सीईटीच्या नादात बोर्ड सोडू नका, बारावीला ठरलेल्या विषयांत ओपनला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के नसतील तर सीईटीचा स्कोअर कितीही असो, कामाचा नाही.

पैशाचा हिशोब घरात उघडपणे मांडा, मुलांसमोर. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर असते, ती धरा, फोनवर कुणी सांगितलेली नको. त्यात हॉस्टेल, मेस, प्रवास, लॅपटॉप घालून चार वर्षांची बेरीज करा. समजा एका कॉलेजची फी वर्षाला १ लाख २० हजार पण घरून एसटीच्या पासवर जाता येतं, आणि दुसऱ्याची फी ९० हजार पण पुण्यात राहायला-जेवायला महिन्याला १० हजार, तर दहा महिने धरले तरी दुसरं वर्षाला ७० हजारांनी महाग पडतं. स्वस्त वाटणारं कॉलेज असं महाग निघतं.

सवलतींचा रकाना वेगळा ठेवा, खरा फरक इथेच पडतो. टीएफडब्ल्यूएस म्हणजे ट्युशन फी माफीच्या जागा, प्रत्येक ब्रँचला मंजूर जागांच्या ५ टक्के जादा, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर कुठल्याही कॅटेगरीला. त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो, तो फॉर्ममध्ये वेगळा भरावा लागतो, आणि कटऑफ साधारण वरच जातो. लक्षात ठेवा, माफी फक्त ट्युशन फीची, बाकीची फी भरायचीच आहे. मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठी गोष्ट झाली, ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ओबीसीमधल्या ८ लाखांच्या आतल्या मुलींची ट्युशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. पण ॲडमिशन कॅपमधूनच झालेली पाहिजे, आणि खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात येत नाहीत. एखादी मुलगी घाईघाईत मॅनेजमेंट कोट्यातून किंवा प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत ॲडमिशन घेऊन बसते आणि लाखोंची माफी हातची जाते, पालकांनो हे प्लीज आधी बघा. मुलांनाही राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, हॉस्टेलसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, एससीला स्वाधार योजना आहे. अर्ज दरवर्षी नव्याने करावे लागतात, एकदा भरून चारही वर्षं मिळत नाही.

कॉलेज चांगलं कसं ओळखायचं? गेटवरच्या बॅनरवरचं हायेस्ट पॅकेज सोडून द्या, ते एका मुलाचं असतं. कॉलेजच्या वेबसाइटवर एनआयआरएफ असं शोधा, जी कॉलेजं त्या रँकिंगसाठी माहिती देतात त्यांची पीडीएफ तिथे असते आणि त्यात पास किती झाले, नोकरी किती जणांना लागली, मीडियन पगार किती हे वर्षवार लिहिलेलं असतं. मीडियन म्हणजे अगदी मधल्या मुलाचा पगार, तोच आकडा आपल्या कामाचा. नॅक ही मान्यता अख्ख्या कॉलेजची असते आणि एनबीएची मान्यता ब्रँचची, म्हणून तुमच्याच ब्रँचला एनबीए आहे का ते विचारा. सीओईपी, व्हीजेटीआय, वालचंद, नांदेडचं एसजीजीएस ही नावं सगळ्यांना माहीत असतात, पण कराड, अमरावती, जळगावची सरकारी कॉलेजंसुद्धा वहीत लिहा, फी कमी असते आणि मुलं शहराच्या नादात ती विसरतात. जमलं तर सुट्टीत दोन-तीन कॉलेजं बघून या आणि ऑफिसपेक्षा कँटीनमध्ये जास्त वेळ बसा. सेकंड इयरच्या पोरापोरींना विचारा की लॅब खरंच चालतात का, सर लोक टिकतात का, मेसचं जेवण कसं आहे, पाणी येतं का, मुलींच्या हॉस्टेलला जागा मिळते का. ही मुलं खरं बोलतात.

आता ऑप्शन फॉर्म. यात एकच नियम, क्रम आवडीप्रमाणे लावायचा, मिळण्याच्या शक्यतेप्रमाणे नाही. वर अवघड कॉलेज टाकल्याने खालच्या ऑप्शनवरचा तुमचा हक्क कमी होत नाही, सिस्टिम वरून खाली येते आणि तुमच्या मेरिटला बसणारं पहिलं देते. उलट सोपं कॉलेज भीतीपोटी वर टाकलं तर अडकाल, कारण २०२५ च्या नियमात पहिल्या राउंडला पहिला ऑप्शन, दुसऱ्याला पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्याला पहिल्या सहापैकी काही मिळालं तर सीट आपोआप फ्रीज होत होती आणि पुढचे राउंड बंद. तुमच्या वर्षाची माहिती पुस्तिका उघडून हा भाग दोनदा वाचा. वहीतून कटऑफ तुमच्यापेक्षा थोडा वर असलेली, बरोबरीची आणि बरीच खाली असलेली अशी तिन्ही प्रकारची नावं घ्या, खालची भरपूर घ्या, पण जिथे जायचंच नाही असं एकही नाव टाकू नका. कॉम्प्युटर की मेकॅनिकल, ब्रँच मोठी की कॉलेज, यावर घरात भांडण होणारच, ते फॉर्म भरायच्या आदल्या रात्री होऊ देऊ नका. माझं मत विचाराल तर आवड स्पष्ट असेल तर ब्रँच, नसेल तर कॉलेज.

ज्यांची दहावी आत्ता झालीय आणि बारावीचा खर्च, क्लासेस झेपणार नाहीत त्यांनी पॉलिटेक्निकचा विचार जरूर करावा, तीन वर्षांचा डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंगला जाता येतं, आणि मधे नोकरी करायची वेळ आली तरी हातात काहीतरी असतं.

फॉर्म कॅफेत भरला तरी मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचा द्या, पासवर्ड स्वतः ठेवा आणि ओटीपी कुणाला सांगू नका. कन्फर्म केल्यावर प्रिंट काढून वहीतल्या क्रमाशी एकेक ओळ ताडून बघा. सीट लागली की आवडली तर फ्रीज, अजून वरचं हवं असेल तर बेटरमेंट, पण पुढच्या राउंडला वरचं मिळालं की आधीची सीट जाते हे माहीत असू द्या. सीट ॲक्सेप्ट करायची आणि कॉलेजला रिपोर्ट करायची शेवटची तारीख आणि वेळ घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये अलार्म लावून ठेवा, आणि ओरिजिनल कागद एका फाइलमध्ये, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढून.