अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलंय? रक्ताची टेस्ट कधी करायची आणि रिपोर्ट कसा वाचायचा

आधीच सांगून टाकतो, अ‍ॅस्बेस्टॉस अंगात गेलंय का हे दाखवणारी रक्ताची टेस्ट नाहीये. त्याचे बारीक धागे फुफ्फुसात आणि फुफ्फुसाच्या आवरणात जाऊन बसतात, रक्तात मोजतात ती काही प्रोटीनं, जी त्या आवरणाचा कॅन्सर म्हणजे मेसोथेलिओमा झाला की वाढू शकतात. वाढतातच असं नाही. मी चिपळूणकडे लॅबमध्ये काम करतो, गणपतीला चाकरमानी आले की हाच प्रश्न असतो, काका थेट हात पुढे करून बसतात, "काढा रक्त आणि सांगा काय ते". म्हणून एकदा नीट लिहितोय.

ही भानगड कोणासाठी? जुन्या जहाजांवर इंजिन रूममध्ये राबलेले खलाशी, तिथे वाफेच्या पायपांना आणि बॉयलरला अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळलेलं असायचं. गोदीत लॅगिंग म्हणजे पायपांना ते गुंडाळायचं काम केलेले, मुंबईच्या दारूखाना भागात जहाजं तोडलेले, कारखान्यात पत्रे किंवा ब्रेक लायनिंग बनवलेले. आंतरराष्ट्रीय नियमाने १ जानेवारी २०११ पासून कुठल्याच जहाजावर नवीन अ‍ॅस्बेस्टॉस बसवता येत नाही, पण हा आजार डोकं वर काढायला २० ते ४० वर्षं, कधी त्याहूनही जास्त घेतो, म्हणजे ८५ साली बोटीवर चढलेल्या माणसाची पाळी आत्ता. शिवाय अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे ग्राइंडरने कापणारे आपले मिस्त्री, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडे किती पत्रे फुटले आणि किती जणांनी तोंडाला रुमालही न लावता ते उचलले ते आठवा. नुसतं धड पत्र्याखाली राहताय, पत्रा कधी कापला-फोडला नाही, तर उगाच टेस्टच्या मागे लागू नका.

रक्त काढायच्या आधी वही काढा. कुठे काम केलं, कुठल्या साली, कशाला हात लागायचा, धूळ दिसायची का. खलाशांचं बरं असतं, सीडीसी म्हणजे नोकरीच्या नोंदींची पुस्तिका असते, त्यात प्रत्येक जहाजाचं नाव आणि साइन ऑन, साइन ऑफच्या तारखा शिक्क्यासकट असतात, तिच्या सगळ्या पानांची झेरॉक्स काढा, पावसाळ्यात बुरशी धरायच्या आत. कारखान्यात होतात तर कंपनीकडे तब्येतीचं रेकॉर्ड मागा. सुप्रीम कोर्टाने जानेवारी १९९५ मध्ये सांगितलंय की अ‍ॅस्बेस्टॉस कामगाराचं रेकॉर्ड नोकरीला लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत ठेवायचं. "जुनं आहे, फेकलं" हे उत्तर चालवून घेऊ नका. बायकोचं पण लिहा. डांगरी म्हणजे कामाचे कपडे घरी झटकून धुतली असेल तर धूळ तिच्याही नाकात गेलीय, असे आजार जगभर नोंदलेले आहेत.

मग छातीचा डॉक्टर. एक्स-रे आणि फुंकर मारायची टेस्ट, म्हणजे स्पायरोमेट्री, हा पाया. सीटी स्कॅन लागेल का ते डॉक्टर ठरवेल, विडी-सिगारेट ओढत असाल तर स्पष्ट सांगा, कारण अ‍ॅस्बेस्टॉस आणि तंबाखू एकत्र आले की फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका फार वाढतो.

रक्ताचं यानंतर. आजाराची खूण म्हणून रक्तात मोजतात त्या प्रोटीनला मार्कर म्हणतात, त्यातला सगळ्यात जास्त तपासलेला मेसोथेलिन. त्याच्या एका किटला अमेरिकेत २००७ साली मंजुरी मिळाली, पण कशासाठी? ज्यांना मेसोथेलिओमा झालाच आहे त्यांच्यावर लक्ष ठेवायला. धडधाकट माणसांत आजार शोधायला नाही. बऱ्याच अभ्यासांचा डेटा एकत्र केला तेव्हा दिसलं की हा आजार नसलेल्या १०० पैकी ५ जणांनाच चुकून पॉझिटिव्ह म्हणायचं अशी रेषा धरली तर सुरुवातीच्या स्टेजचे १०० पैकी फक्त ३२ पेशंट सापडतात. आता हिशोब करा, आपल्या पट्ट्यातले १००० खलाशी तपासले आणि धरूया त्यातल्या दोघांना खरंच आजार आहे, तर ५० घरांत विनाकारण रडारड होणार आणि त्या दोघांतला एक तरी बहुतेक सुटून जाणार. मेसोथेलिओमाच्या सार्कोमॅटॉइड नावाच्या प्रकारात तर मेसोथेलिन सहसा वाढतच नाही. त्यामुळे "कॅन्सर पॅकेज" म्हणून सीईए, सीए-१२५ वगैरे दुसऱ्या कॅन्सरचे मार्कर एकत्र बांधून विकतात ते या कामासाठी घेऊ नका, आमच्या धंद्याच्या विरोधात बोलतोय पण खरं तेच आहे.

तरी डॉक्टरने मेसोथेलिन लिहून दिलंच तर त्याच दिवशी त्याच रक्तातून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची टेस्ट, पण करून घ्या. किडनी मंदावली की मेसोथेलिन रक्तात साचतं, आणि आपल्याकडे साठीच्या पुढे शुगर-बीपीवाले किती आहेत ते सांगायला नको. समजा गेल्या वर्षी मेसोथेलिन ०.९ होतं आणि यंदा १.४ आलं. रिपोर्टवर १.५ च्या आत नॉर्मल छापलेलं, म्हणून घरचे खूश. पण दीडपट झालंय ना! आता क्रिएटिनिन बघा, तेही १.० वरून १.८ झालं असेल तर आधी किडनीकडे बघायचं, आणि ते जागच्या जागी असेल तर काही आठवड्यांनी टेस्ट परत करून छातीच्या डॉक्टरला दोन्ही कागद दाखवायचे. एका आकड्याला फार अर्थ नाही, आकडा कुठे चाललाय ते बघायचं. आणि त्यासाठी दरवेळी तीच लॅब, तीच पद्धत हवी. एकदा मुंबईत, एकदा रत्नागिरीत असं केलंत तर पद्धत बदलली की आकडा बदलतो, मग तुलना गेली. सॅम्पल नेमकं कुठे जाणार हे कलेक्शनवाल्याला विचाराच, कारण आमच्यासारख्या लॅबा बरंच काही बाहेर पाठवतात.

बाकीच्या मार्करची नावं कानावर येतील. ऑस्टिओपॉन्टिन, हे जांभळ्या बुचाच्या ट्यूबमधल्या प्लाझ्मात, म्हणजे न गोठलेल्या रक्ताच्या पाण्यात मोजलेलं बरं, रक्त गोठताना ते तुटतं त्यामुळे सीरममधला, म्हणजे गोठल्यावर उरलेल्या पाण्यातला आकडा भरवशाचा नाही. फायब्युलिन-३ चं २०१२ साली फार कौतुक झालं, पुढे बाकीच्यांना तसे निकाल मिळाले नाहीत. जर्मनीत कॅलरेटिनिन हा आणखी एक मार्कर आणि मेसोथेलिन जोडीने वापरून निदानाच्या आधीच्या वर्षभरात निम्म्याच्या जरा कमी पेशंट पकडता आले, आणि चुकीचे पॉझिटिव्हही कमी होते. काम चांगलं आहे, पण लवकर सापडल्याने माणूस जास्त जगतो हे अजून सिद्ध झालेलं नाही.

आता हे मात्र नीट वाचा. दम लागतोय, एका बाजूला दुखतंय, वजन उतरतंय, तर मार्करची वाट बघत बसू नका, मागचा रिपोर्ट नॉर्मल असला तरी. छातीत पाणी निघालं की आपल्याकडे पहिला संशय टीबीवर जातो, त्यात डॉक्टरची चूक नाही, टीबी आहेच तेवढा. पण तुम्ही बोटीवर होतात हे तुम्ही बोलल्याशिवाय त्यांना कळणार कसं? वही तिथेच पुढे करा. पाणी पेशींच्या तपासणीला पाठवलंय का विचारा, टीबीच्या गोळ्या चालू असूनही पाणी परत भरलं तर बायोप्सीचं विचारा. मेसोथेलिओमाचं निदान तुकडा काढूनच पक्कं होतं, रक्तावरून कोणी ठामपणे सांगत असेल तर दुसरा डॉक्टर गाठा.

आणि अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणजे धाग्यांमुळे फुफ्फुस कडक होण्याचा आजार निघाला तर सरकारला कळवायच्या कामाच्या आजारांच्या यादीतला तो आहे, कारखान्यातल्या कामगाराची केस असेल तर डॉक्टरने फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसला लेखी कळवायचं असतं, त्याची कॉपी मागून घ्या. नुकसानभरपाईच्या वेळी एक्स-रेची फिल्म किंवा सीडी लागू शकते, नुसत्या रिपोर्टवर भागेलच असं नाही, तेव्हा ती हॉस्पिटलात विसरून येऊ नका.