प्रदर्शनाच्या ताटलीतली तीन अंडी

ब्रिटनमधल्या कोंबड्यांच्या प्रदर्शनांत अंड्यांचा वेगळा विभाग असतो. बऱ्याच गटांत एका ताटलीत ३ किंवा ६ अंडी मांडायची असतात. परीक्षक पूर्ण ताटली बघतो, त्यामुळे एकच अंडे देखणे असून भागत नाही. सगळी एकसारखी हवीत, आणि त्याचा खात्रीचा उपाय म्हणजे सगळी एकाच कोंबडीची घेणे. ती रोज घालेलच असे नाही. ३ अंड्यांसाठी प्रदर्शनाच्या पाच-सहा दिवस आधी वेचणी सुरू करा.

आकार पाहताना एक टोक रुंद आणि घुमटासारखे, दुसरे निमुळते, पण टोकदार नको. गोल, लांबुडकी, वळ्या पडलेली किंवा चुन्याचे खडे असलेली अंडी बाजूला काढा. मग वजन करा. ३ अंड्यांत १-२ ग्रॅमपेक्षा जास्त फरक आमच्या मते चालवून घेऊ नये. बँटम म्हणजे छोट्या चणीच्या कोंबड्या; त्यांच्या अंड्यांना साधारण ४२ ग्रॅमची कमाल मर्यादा असते, तरी नियमपत्रिका आधी वाचा.

टॉर्चवर धरून पाहण्याची घाई मात्र करू नका. बारीक तडा लगेच दिसतो, पण कवचातले पारदर्शक ठिपके घातल्यावर काही तासांनी उमटतात. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा.

सर्वांत जास्त ताटल्या अंडी धुण्यापायी वाया जातात. कवचावर एक पातळ नैसर्गिक थर असतो. तो हजारो छिद्रे झाकतो आणि अंड्याला मऊ तजेला देतो. पाण्याने तो जातो, आणि चोळून आणलेली चमक परीक्षकाला लगेच कळते. थंड पाण्यात तर आतला भाग आकसून घाण छिद्रांतून आत ओढली जाते. मारान आणि वेल्समर या जातींच्या अंड्यांचा तपकिरी रंग शेवटच्या काही तासांत वरच चढतो, त्यामुळे तो पुसला जातो. अराउकाना जातीच्या अंड्यांचा निळा रंग मात्र कवचात आरपार असतो. तेव्हा धुण्याची वेळच येऊ देऊ नका: कोंबडी अंडी घालते त्या खोक्यात रोज कोरडा भुसा टाका आणि अंडे घालताच उचला. नुकत्याच घातलेल्या अंड्याच्या ओल्या कवचावर नखाचा ओरखडाही कायमचा राहतो.

साठवताना निमुळते टोक खाली. १० ते १३ अंश सेल्सिअसची, थोडी दमट खोली उत्तम. कांदा, मासळी, रॉकेल जवळ नको. वास आत शिरतो. फ्रिजमधून काढलेल्या अंड्याला घाम सुटतो आणि डाग पडतात. तारीख कवचावर न लिहिता ट्रेवर लिहा.

फोडून बघण्याच्या गटासाठी शक्यतो आदल्या दिवशीचेच अंडे द्या. जुन्या अंड्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पांढरा भाग पातळ होऊन पसरतो, बलक बसका होतो आणि हवेची पोकळी वाढते. इतर गटांतही शंका आली तर परीक्षक एक अंडे फोडू शकतो.

नेताना प्रत्येक अंडे मऊ कागदात गुंडाळा आणि जुळणारे एक जादा सोबत ठेवा.