‘फ्लाइंग डचमन’ दिसल्यास काय तपासावे

केप ऑफ गुड होपला वळसा घालीनच, मग प्रलयापर्यंत झुंजावे लागले तरी चालेल, अशी शपथ घेतलेला डच कप्तान व्हॅनडरडेकन शापित होऊन ‘फ्लाइंग डचमन’ या भुताळी जहाजावरून अजून भटकतो, अशी दंतकथा आहे. (त्याला सर्रास चाचा (समुद्री लुटारू) म्हणतात; जुन्या कथेत मात्र तो व्यापारी जहाजाचा कप्तान आहे.) क्षितिजावर असे अधांतरी जहाज दिसल्यास प्रथम वेळ आणि होकायंत्रावरील दिशा नोंदवावी. नंतर दुर्बिणीने कडा न्याहाळाव्यात. थंड पाण्यालगतच्या गार हवेवर उबदार हवेचा थर आला की प्रकाशकिरण खाली वाकतात आणि दूरचे खरे जहाज उंचावलेले, ताणलेले किंवा उलटे दिसते. या मृगजळाला ‘फाटा मॉर्गाना’ म्हणतात. सर्वांत उपयुक्त कसोटी म्हणजे डेकवरून काही पायऱ्या वर-खाली जाऊन पाहणे, कारण डोळ्यांची उंची बदलताच असे प्रतिबिंब बहुधा आकार बदलते किंवा नाहीसे होते. रात्रीच्या दर्शनाला मात्र हे स्पष्टीकरण घाईने चिकटवू नये: ११ जुलै १८८१ रोजी ऑस्ट्रेलियाजवळ, ब्रिटनचे राजपुत्र जॉर्ज (पुढे राजे पाचवे जॉर्ज) यांच्या सफरीच्या वृत्तान्तानुसार, पहाटे चारला लाल प्रकाशात जहाज दिसले होते.