तांत्रिक डायव्हिंगचा रेग्युलेटर: नागपुरातून निघण्याआधीची तयारी

तांत्रिक डायव्हिंग, म्हणजे जिथून थेट वर येता येत नाही असं डायव्हिंग, करायचं तर रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधल्या वायूचा दाब उतरवून तो श्वासाला देणारं यंत्र, नीट निवडावा लागतो. मॉडेल बघायला बसण्याआधी एक फोन करा, आणि तो दुकानदाराला नाही, तंत्रज्ञाला. रेग्युलेटरची सर्व्हिस करणारी माणसं बहुतेक किनाऱ्यावरच्या शहरांत आणि अंदमानात असतात. नागपूरकराला संच कुरिअरनेच पाठवावा लागतो. त्यामुळे त्यांना तीन गोष्टी विचारून घ्या. या मॉडेलचा सर्व्हिस किट भारतात शिल्लक असतो का, संच परत मिळायला किती दिवस लागतील, आणि ऑक्सिजनसाठीची स्वच्छता ते स्वतः करतात का. तिन्हींची उत्तरं सरळ मिळाली नाहीत, तर तो रेग्युलेटर कितीही नावाजलेला असो, आपल्यासाठी नाही. पन्नास मीटरवर श्वास कसा येतो यात चांगल्या कंपन्यांच्या वरच्या श्रेणीत फारसा फरक उरलेला नाही; दहा रुपयांची ओ-रिंग (सील करणारं रबरी कडं) मिळेल की नाही, यात मात्र खूप आहे.

मग संख्या ठरवा. पाठीवर जुळे सिलिंडर असतील तर दोन फर्स्ट स्टेज (सिलिंडरला लागणारा, दाब उतरवणारा भाग; तोंडात धरायची ती सेकंड स्टेज), एका डेको गॅससाठी (वर येताना थांबे घेत वापरायचा, जादा ऑक्सिजनचा वायू) तिसरा, दोन डेको गॅस असतील तर चौथा. हे सगळे एकाच मॉडेलचे घ्या. एकच किट, एकाच मापाच्या ओ-रिंग, एकच पाना. आणि पाण्याबाहेर बोटीवर एक बिघडला तर दुसऱ्याचा भाग त्याला चालतो. आधी एक भारी आणि मग दोन स्वस्त अशी खरेदी करू नका. डेकोचा रेग्युलेटर हा दुय्यम नसतो. वर थेट जाता येत नाही, तेव्हा तोच तुमचा परतीचा रस्ता असतो.

सिलिंडरच्या व्हॉल्व्हशी जोडणी डिनच हवी, म्हणजे आट्यांनी आत फिरवून बसणारी. योकमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हला बाहेरून आवळणाऱ्या पकडीत, ओ-रिंग व्हॉल्व्हच्या तोंडावर नुसती दाबलेली असते. गुहेच्या किंवा बुडालेल्या जहाजाच्या छताला, दोरीला किंवा शिडीला धक्का बसला की ती बाहेर ढकलली जाऊ शकते. डिनमध्ये ती आट्यांच्या आत अडकलेली राहते. डिनमध्येही ३०० बारचा, म्हणजे सात आट्यांचा घ्या. तो २०० बारच्या व्हॉल्व्हवर नीट बसतो, पण २०० बारचा आखूड डिन ३०० बारच्या व्हॉल्व्हमध्ये तळापर्यंत पोचत नाही आणि सील होत नाही. युरोपातून मागवताना एक सापळा लक्षात ठेवा. तिथे नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजनची हवा) म्हणून विकला जाणारा संच बऱ्याचदा एम २६ आट्यांचा असतो. आपल्याकडच्या जी ५/८ मापाच्या आट्यांच्या व्हॉल्व्हवर तो लागतच नाही. ऑर्डर देण्याआधी आट्यांचं माप लेखी मागा.

फर्स्ट स्टेज पिस्टनचा की डायफ्रामचा (लवचीक पडद्याचा), यावर लोक तासन्‌तास भांडतात. आपल्या परिस्थितीत आमचा कौल स्पष्ट आहे: संतुलित (सिलिंडर रिकामा होत आला तरी जवळजवळ तोच दाब देणारा) आणि बाहेरून सीलबंद डायफ्राम. पिस्टनचा प्रवाह उत्तम असतो, भाग कमी असतात, पण बहुतेक मॉडेलांत पाणी थेट स्प्रिंगच्या खोलीत शिरतं. डायव्हच्या दिवशी बोटीवर, मग होडीत, मग हॉटेलात असं होत होत धुवायला रात्र होते; तोवर आत मीठ वाळलेलं असतं. सीलबंद खोलीत गाळ आणि मीठ शिरत नाही. थंडीसाठी वेगळे पैसे मोजू नका. युरोपीय मानक १० अंशांखालच्या पाण्याला थंड पाणी मानतं, आणि अंदमानचा समुद्र उबदार आहे. परदेशात खाणीत किंवा थंड तळ्यात उतरणार असाल तर गोष्ट वेगळी.

कागदावर ईएन २५० हे युरोपीय मानक दिसायलाच हवं. त्यात ५० मीटरवर मिनिटाला ६२.५ लिटर श्वसन धरून यंत्रावर चाचणी होते, आणि श्वसनाचं काम लिटरमागे ३ ज्यूलपेक्षा जास्त चालत नाही. पण मानक पार केलेला रेग्युलेटर घेतला म्हणजे खोल हवेवर जायचा परवाना मिळाला असं नाही. हवा ३१ मीटरच्या आसपास लिटरमागे ५.२ ग्रॅम, आणि ३९ मीटरच्या आसपास ६.२ ग्रॅम घनतेला पोचते. पहिला आकडा शिफारशीची मर्यादा आहे, दुसरा कमाल. त्यापुढे कार्बन डायऑक्साइड साठायचा धोका वाढतो, कारण घट्ट झालेला वायू फुफ्फुसांतूनच हलवावा लागतो. हा प्रश्न श्वासाच्या वायूत मिसळलेलं हलकं हेलियम सोडवतं, महागडी सेकंड स्टेज नाही.

सेकंड स्टेज निवडताना श्वास घट्ट-सैल करायची चकती आणि व्हेंच्युरीचा (हवा आपोआप वाहू न देणारा) खटका असलेली घ्या, आणि दोन्ही हातमोजे घालून फिरवून बघा. डाव्या-उजव्या बाजूने होज लावता येणारी मॉडेलं साइडमाउंटला (सिलिंडर पाठीऐवजी कुशीला लावून केलेल्या डायव्हला) फार उपयोगी पडतात. बहुतेक सेकंड स्टेजचा व्हॉल्व्ह असा असतो की मधला दाब (फर्स्ट स्टेजमधून होजमध्ये येणारा) वाढला तर तो स्वतःच उघडून दाब सोडतो. उलट्या रचनेच्या व्हॉल्व्हमध्ये तसं होत नाही, तिथे फर्स्ट स्टेजवर वेगळा सुरक्षा व्हॉल्व्ह लागतो. होजमध्ये बंद-चालू करायचा कॉक बसवला तरी हीच अट.

होजची मांडणी आधी कागदावर काढा, मग मापं मागवा. जुळ्या सिलिंडरवर उजव्या व्हॉल्व्हला २.१ मीटरचा लांब होज आणि विंगचा (पाठीवरच्या हवेच्या पिशवीचा) इन्फ्लेटर, म्हणजे हवा भरायचा होज. डाव्याला ५५ ते ६० सेंटिमीटरचा आखूड होज, त्यावर गळ्यातल्या इलॅस्टिकमध्ये अडकवलेली राखीव सेकंड स्टेज, दाबाचा गेज आणि ड्रायसूट (आत पाणी न येणारा पोशाख) असेल तर त्याचा होज. लांब होज उजवीकडे असण्याला कारण आहे: पुढे जाताना छताला घासला तर डावा व्हॉल्व्ह बंद व्हायच्या दिशेला फिरतो, उजवा उघडायच्या. जोडीदाराला द्यायचा वायू बंद पडू शकणाऱ्या बाजूला ठेवायचा नाही. डेको सिलिंडरला एक मीटरचा होज, एकच सेकंड स्टेज आणि १५ सेंटिमीटरच्या होजवर छोटा गेज. साइडमाउंटला फिरता टरेट (होज लावायची तोंडं, म्हणजे पोर्ट, असलेला भाग) आणि तळाला पाचवं पोर्ट असेल तर होज अंगालगत बसतात. जुळ्या सिलिंडरला टरेट नसला तरी अडत नाही.

वेणीदार हलक्या होजबद्दल इथे थांबून सांगायला हवं, कारण नागपूरचा उन्हाळा. या होजच्या आतलं पॉलियुरेथेनचं अस्तर उष्णता आणि दमटपणाने आतल्या आत विघटित होतं. स्फटिक तयार होतात, ते सेकंड स्टेजकडे सरकतात आणि हवा अडू शकते. बाहेरून होज नवाकोरा दिसतो. नवतप्यात पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत होज ठेवला तर हे काम लवकर होतं. कूलरच्या खोलीत दमटपणा असतो, तीही जागा नको. घरातली थंड, कोरडी, अंधारी जागा निवडा. मोठ्या वळणात गुंडाळून ठेवा. जुना वेणीदार होज असेल तर सोडवून आत उजेडात बघा, पिवळट कण दिसले तर तो टाकून द्या. काळा रबरी होज जड असतो, पण त्याच्या पृष्ठभागावर भेगा दिसतात, म्हणजे तो आधी सांगतो. आम्ही डेकोसाठी रबरीच सुचवू.

ऑक्सिजनचं काम वेगळं आहे. ४० टक्क्यांपेक्षा जास्त ऑक्सिजन जाणार असेल तर तो संच ऑक्सिजनसाठी स्वच्छ केलेला हवा: सुसंगत ओ-रिंग, ऑक्सिजनला चालणारं वंगण, साधं सिलिकॉन ग्रीस अजिबात नाही. टायटॅनियमचा फर्स्ट स्टेज इथे वर्ज्य, ते समृद्ध ऑक्सिजनमध्ये पेट घेऊ शकतं. वर येताना ५० टक्के ऑक्सिजनचा संच २१ मीटरपासून, शुद्ध ऑक्सिजनचा ६ मीटरपासून वापरतात, त्याहून खोल नाही. सेकंड स्टेजवर आणि सिलिंडरवर तो आकडा ठळक लिहा. स्वच्छ केलेला संच एकदा जरी साध्या कॉम्प्रेसरच्या तेलकट हवेवर लावला, तरी त्याची स्वच्छता संपली असं धरा. व्हॉल्व्ह नेहमी हळू उघडायचा. वायू एकदम दाबला गेला की तापतो, आणि आग लागते ती तिथेच.

निघायच्या सहा आठवडे आधी घरच्या चाचण्या उरका, म्हणजे कुरिअर जाऊन यायला वेळ राहतो. सिलिंडर भरून आणण्यासाठी अग्निशमनाचे श्वसनसंच भरणारा कॉम्प्रेसर कुठे आहे ते विचारा. औद्योगिक कॉम्प्रेसरची हवा चालत नाही. सिलिंडर विकत घेणार असाल तर तो गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे मंजूर हवा. मंजुरी देणाऱ्या पेसो या केंद्राच्या स्फोटक-सुरक्षा संस्थेचं मुख्यालय आपल्याच शहरात आहे. परदेशातून सिलिंडर हौसेने मागवू नका.

पहिली चाचणी कोरडी. संच सिलिंडरला न लावता फर्स्ट स्टेजचं झाकण घट्ट बसवा आणि सेकंड स्टेजमधून हवा ओढा. काहीच यायला नको. हवा आली तर डायफ्राम, उच्छ्वासाची झडप किंवा माउथपीसचा पट्टा तपासा. पाण्यात तिथूनच घोट येतो. दुसरी चाचणी मधल्या दाबाची, आणि त्यासाठी इन्फ्लेटरच्या होजला लागणारा छोटा गेज स्वतःचा घ्याच. सिलिंडर हळू उघडा. काटा साधारण ९ ते १०.५ बारमध्ये, मॉडेलच्या आकड्यावर थांबला पाहिजे. सेकंड स्टेजवरचं पर्जचं (हवा सोडायचं) बटण दहा वेळा दाबा: काटा खाली जाऊन लगेच त्याच जागी यायला हवा. मग पाच मिनिटं हात न लावता बघा. काटा हळूहळू वर चढत असेल तर उच्च दाबाची सीट (फर्स्ट स्टेजमधली सील करणारी बैठक) गेली आहे. काटा चढतच राहील आणि शेवटी सेकंड स्टेज वाहायला लागेल. हीच चाचणी सिलिंडर २०० बारवर असताना आणि ५० बारवर असताना, दोनदा करा. संतुलित फर्स्ट स्टेजमध्ये दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात. आकडे वहीत लिहा, तारखेसह.

तिसरी चाचणी बादलीत. दाब असलेला पूर्ण संच बुडवून दहा मिनिटं बुडबुडे शोधा: डिनची चकती, पोर्ट, होजची दोन्ही टोकं, गेजचा सांधा. सीलबंद खोलीतून बुडबुडा आला तर तो घरी सोडवायचा विषय नाही. मग सेकंड स्टेज माउथपीस वर करून हळूहळू खाली न्या. डायफ्रामवर अडीच ते साडेतीन सेंटिमीटर पाणी आलं की ती सुस्कारायला हवी. त्याआधीच वाहिली तर फार सैल, नंतर तर फार घट्ट. आणि आत शिरणाऱ्या तोंडाचा फिल्टर बघा: हिरवा म्हणजे पाणी शिरलं, तपकिरी म्हणजे स्टील सिलिंडरचा गंज, काळा म्हणजे कॉम्प्रेसरची घाण.

सुट्या ओ-रिंगची मापं प्रमाणित असतात: कमी दाबाच्या पोर्टला ०११, जास्त दाबाच्या पोर्टला ०१२, सेकंड स्टेजच्या टोकाला ०१०, डिनला मॉडेलप्रमाणे १११ किंवा ११२. प्रत्येकी पाच बांधा. हिंगण्याच्या एमआयडीसीत हायड्रॉलिकचं सामान विकणाऱ्याकडे हे आकडे मिळतात, पण जास्त दाबासाठी ९० कडकपणाची मागा, आणि ऑक्सिजनच्या संचासाठी तिथली घेऊच नका. सोबत १४ मिलिमीटरचा पाना, अ‍ॅलन की, माउथपीस दोन, केबल टाय दहा, एक सुटा होज, योकचा अडॅप्टर. सिलिंडरच्या व्हॉल्व्हमधला योकचा इन्सर्ट काढायला बहुतेकदा ८ मिलिमीटरची अ‍ॅलन की लागते. ती स्थानिक दुकानात ऐनवेळी हरवलेली असते.

विमानात हत्यारं चेक-इनच्या बॅगेत, रेग्युलेटर हातातल्या बॅगेत. तीन संच सहा किलोच्या घरात जातात आणि केबिनची मर्यादा बहुधा ७ किलो असते, म्हणून त्या बॅगेत दुसरं काही भरू नका. होज सोडवून नेऊ नका. जोडलेला आणि तपासलेला संच जोडलेलाच राहू द्या. बेटावर पोचलात की मधल्या दाबाची चाचणी पुन्हा एकदा, आणि पहिला डायव्ह उथळ. डेकोचा संच दाब भरून व्हॉल्व्ह बंद करून न्यायचा. खाली जाताना अधूनमधून क्षणभर उघडून पुन्हा भरायचा, नाहीतर बाहेरचा दाब वाढून पाणी आत शिरतं.

परतल्यावर शेवटचं धुणं नळाच्या किंवा आरओच्या पाण्याने करा. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर चकतीच्या आणि पर्जच्या फटीत बसतो. धुताना फर्स्ट स्टेजचं झाकण कोरडं करून लावलेलं असू द्या आणि पाण्यात पर्ज दाबू नका. पंख्याखाली सावलीत वाळवा, आणि पुढच्या सर्व्हिसला संच पाठवताना वहीतल्या दाबाच्या आकड्यांची प्रत डब्यात टाका.