म्हाताऱ्या, हडकलेल्या घोड्याचे दात आणि चारा-चंदी

घोडं हडकलं की आपल्याकडे पहिला हुकूम सुटतो तो चंदी वाढवण्याचा. पावशेर हरभरे जास्त, वर गुळाचा खडा. पंधरा वर्षांपुढच्या जनावराच्या बाबतीत हा उपाय बरेचदा उलटतो, कारण त्याला खायला कमी पडत नसतं, चावता येत नसतं. न चावलेले हरभरे लिदीतून तसेच पडतात, नाहीतर पोटात फुगून शूळ उठवतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी तोंड, मग जंत, मग चारा, आणि चंदी सगळ्यात शेवटी. नाशिकच्या पंचवटीतला टांगा असो, वरातीची घोडी असो की मळ्यात हौसेने ठेवलेला मारवाडी जातीचा घोडा, यात फरक पडत नाही.

तोंडात काय बिघडतं

घोड्याची दाढ आयुष्यभर हिरडीतून वर सरकत राहते, वर्षाला साधारण 2 ते 3 मिलिमीटर, आणि चारा चावताना जवळपास तेवढीच झिजते. तरुणपणी जबड्याच्या आत दाढेचा मोठा साठा असतो. पंचविशीच्या आसपास तो संपत येतो. मग दाढ गुळगुळीत होते, हलते किंवा पडते. तिच्या समोरच्या दाढेला घासायला काही उरलं नाही की ती उंच वाढून समोरच्या हिरडीत रुतते.

दुसरी भानगड रचनेतच आहे. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे वरच्या दाढांची गालाकडची कड आणि खालच्या दाढांची जिभेकडची कड नीट झिजत नाही, तिला धार चढते. दिवसभर चरणाऱ्या घोड्याचा जबडा आडवा पुरता फिरतो, म्हणून धार कमी चढते. तबेल्यात बांधून दाण्यावर पोसलेल्या घोड्याचा जबडा नुसता वरखाली होतो आणि धारा लवकर तयार होतात. त्या गाल आणि जीभ कापतात. वर लगाम चढवला की कडियाळं, म्हणजे लगामाचा तोंडातला लोखंडी भाग, गाल त्याच धारेवर दाबतं. मग घोडं मान झटकतं, एका बाजूला वळायला नकार देतं, आणि आपण त्याला अडेल ठरवून मोकळे होतो.

म्हातारपणी आणखी एक त्रास वाढतो. दाढांमध्ये फटी पडतात, त्यात चारा कोंबला जाऊन सडतो आणि हिरडीला पू होतो. धारांपेक्षा हे जास्त दुखतं, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तोंडाचा कुजका वास हा त्याचा पहिला पुरावा.

घरी काय तपासायचं

घोडं खात असताना दहा मिनिटं मोबाईल खिशात ठेवून नुसतं बघा. अर्धवट चावलेल्या चाऱ्याच्या ओल्या गुंडाळ्या तोंडातून खाली पडतात का? मान वाकडी करून एकाच बाजूने चावतं का? घास गालात साठवून ठेवतं का? गार पाणी तोंडाला लागताच दचकतं का? कडबा टाकून फक्त हिरवं निवडून खायला लागलं असेल, तर त्याला नखरे समजू नका.

मग लीद पाहा. ताजं लेंडकं बोटांनी फोडा. तंतू बारीक, चुरा झाल्यासारखे असले तर चावणं ठीक आहे. एक सेंटिमीटरपेक्षा लांब काड्या आणि अख्खे दाणे दिसले तर दाढांचं काम होत नाहीये.

गालावरून चाचपणी सोपी आहे. ओठाच्या कोपऱ्यापासून डोळ्याखालच्या हाडापर्यंत, वरच्या दाढांच्या रेषेवर बोटांनी बाहेरून हळू दाबत जा. एखाद्या जागी घोडं डोकं खेचून घेत असेल तर आत धार किंवा जखम आहे. दोन्ही बाजू तपासा. तोंडात हात मात्र घालू नका. जबडा उघडा धरणारा गॅग लावल्याशिवाय दाढांच्या मध्ये बोट गेलं तर ते परत येईलच असं नाही.

पुढच्या दातांवरून वयाचाही अंदाज घ्या. वरच्या कोपऱ्याच्या दातावर, ओठाकडच्या बाजूला एक तपकिरी उभी खाच असते. साधारण दहाव्या वर्षी ती हिरडीपाशी दिसू लागते, पंधराव्या वर्षी दाताच्या निम्म्यावर येते, विसाव्या वर्षी टोकापर्यंत पोचते आणि पुढे वरून पुसत जाते. येवल्याच्या किंवा सारंगखेड्याच्या बाजारातून घेतलेल्या घोड्याचं सांगितलेलं वय या खाचेशी जुळतं का ते पाहा. पुष्कळदा ‘बारा वर्षांचा’ घोडा अठराचा निघतो, आणि त्याची खुराकाची गरजच वेगळी असते.

एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर वरच्या दाढेचं मूळ सडून पू वर चढल्याची शक्यता असते. पण नाकातून स्राव ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगातही येतो, आणि हा रोग माणसालाही होतो. त्यामुळे असं घोडं वेगळं बांधा, त्याची बादली वेगळी ठेवा आणि पशुवैद्याकडून तपासून घ्या.

दात घासून घेणं

वर्षातून एकदा तोंड तपासून घ्यावं, वीस वर्षांपुढे दर सहा महिन्यांनी. वरातीची घोडी असेल तर तुळशीच्या लग्नाआधी, म्हणजे हंगाम सुरू होण्यापूर्वी उरकून घ्या. काम पशुवैद्याचंच आहे. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा 1962 या क्रमांकावर आधी विचारा, की घोड्याचे दात घासण्याची कानस आणि गॅग आहे का. गाईगुरांचे सगळेच डॉक्टर हे काम करत नाहीत आणि ते तसं स्पष्ट सांगतात.

पद्धत अशी असते: गुंगीचं इंजेक्शन, गॅग, तोंड पाण्याने धुणं, बॅटरीच्या उजेडात आरशाने प्रत्येक दाढ पाहणं आणि मग फक्त धारा बोथट करणं. म्हाताऱ्या घोड्याची दाढ पूर्ण सपाट करायचा आग्रह धरू नका. आत साठाच उरलेला नसतो. एका बैठकीत 3-4 मिलिमीटरपेक्षा जास्त घासलं तर दाढेची नस उघडी पडू शकते, आणि उरलीसुरली चावायची धारही जाते. उंच वाढलेली दाढ टप्प्याटप्प्याने, काही महिन्यांच्या अंतराने कमी करतात. हलणारी दाढ काढायची ठरली तर धनुर्वाताची लस झालेली आहे ना, ते आधी पाहा.

छिन्नी-हातोडीने ‘वाढलेला दात’ उडवणारे आणि टाळूला सूज आली म्हणून डागणी देणारे अजून फिरतात. छिन्नीने दाढ उभी चिरते, कधी जबड्याचं हाडही फुटतं. डागण्याने काहीच बरं होत नाही, उलट तोंड भाजल्यामुळे घोडं आठवडाभर खात नाही.

गुंगी पूर्ण उतरून घोडं डोकं नीट वर धरेपर्यंत, दोनेक तास, समोर काहीही खायला ठेवू नका. अर्धवट शुद्धीत घेतलेला घास अन्ननलिकेत अडकतो. पुढचे तीन-चार दिवस मऊ खाणं द्या आणि लगाम चढवू नका.

वजन मोजायचं कसं

काटा नसला तरी शिंप्याची टेप चालते. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) बसतो तिथून, कोपराच्या मागून, छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880, म्हणजे किलो. घेर 160 आणि लांबी 150 असेल तर साधारण 323 किलो. आकडा दहा-वीस किलोंनी चुकला तरी बिघडत नाही. दर पंधरा दिवसांनी, सकाळी चंदीआधी, त्याच माणसाने मोजलं की कल बरोबर कळतो.

हाताने मात्र दर आठवड्याला चाचपा. हिवाळ्यात वाढलेले केस बरगड्या झाकतात आणि डोळा फसतो. बरगड्या हाताला लागाव्यात पण दिसू नयेत, हे चांगलं. अंगावरचं मांस-चरबी जोखायच्या 1 (अगदी हडकलेला) ते 9 (फार लठ्ठ) या प्रचलित मोजपट्टीवर म्हातारा घोडा 5 ते 6 वर असावा. पाठीचा कणा धारेसारखा वर आला, शेपटीचं मूळ उघडं पडलं, मानेला खळगे पडले की तो 3 च्या खाली गेला समजा. पोट मोठं आणि पाठ खोल असेल तर ते बाळसं नाही. ते जंतांचं किंवा न पचलेल्या कडब्याचं पोट असतं. लिदीतली जंतांची अंडी मोजून घेऊन मगच औषध द्या, दर दोन महिन्यांनी अंदाजाने नको.

चारा बदला

घोड्याला रोज वजनाच्या किमान दीड टक्का कोरडा चारा लागतो, वजन वाढवायचं असेल तर सगळं मिळून दोन टक्के किंवा थोडं जास्त. प्रश्न चाऱ्याच्या रूपाचा आहे. सिन्नर, येवला, नांदगावकडे मिळणारं बाजरीचं सरमड आणि जाड ताटांचा कडबा म्हाताऱ्या दाढांना झेपत नाही. नुसती कुट्टी केली म्हणजे झालं, असंही नाही. टणक ताटाची बारीक कुट्टी न चावता गिळली जाते आणि आतड्यात तिचा बोळा बसतो. मूळ चाराच मऊ हवा: फुलावर येण्याआधी कापलेला घास, म्हणजे लसूणघास, सावलीत सुकवून केलेला, कोवळी हरळी, पानं जास्त असलेलं वाळलं गवत.

320 किलोच्या, दाढा कमकुवत असलेल्या पण सगळ्या न पडलेल्या घोड्यासाठी दिवसाचा एक चालणारा हिशेब देतो. सुकवलेला घास 3 किलो, बारीक करून. हिरवं कोवळं गवत 7-8 किलो. जवाचा भरडा शिजवून किंवा ओट, 1 किलो 200 ग्रॅम. हरभऱ्याचा भरडा रात्रभर भिजवून 400 ग्रॅम. गव्हाचा कोंडा 300 ग्रॅम. तेल 150 मिलि. मीठ 30 ग्रॅम. शिवाय घोड्यांसाठीचं खनिज मिश्रण, डब्यावरच्या प्रमाणात. चंदी तीन-चार वेळांत वाटा, एका वेळी कोरडी एक किलोच्या वर नको. जास्त पिष्ट एकदम गेलं तर ते न पचता मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं, आणि तिथून पोटशूळ किंवा खुरांची सूज सुरू होते. तेल पहिल्या दिवशी 30 मिलि, मग दर दोन-तीन दिवसांनी तेवढंच वाढवत न्या. लीद पातळ झाली तर एक पायरी खाली या.

दाढा जवळपास संपल्याच असतील तर लांब चारा बंद करून सगळं भिजवूनच द्यावं लागतं: घासाचा चुरा आणि घोड्यांसाठीचं पेलेट खाद्य, दुप्पट-तिप्पट पाण्यात तासभर, चमच्याने दाबल्यावर विरघळेल इतकं. दिवसातून पाच वेळा. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे भिजवण दोन-तीन तासांत आंबतं. उरलेलं काढून टाका, तोबऱ्यात ठेवून देऊ नका. गाजर किसून घाला. गोल चकत्या नेमक्या घशात बसतात.

नुसता कोंडा देणं ही जुनी सवय मोडा. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो. रोज मोठ्या प्रमाणात दिला तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं, जबडा सुजतो आणि दात आणखी सैल होतात. हत्तीघास आणि उसाचं वाढं यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, तिथेही परिणाम तोच. हे दोन्ही मुख्य चारा म्हणून नकोत.

काय अजिबात द्यायचं नाही: गाईम्हशींचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य, कारण त्यात मोनेन्सिनसारखं औषध मिसळलेलं असू शकतं आणि ते थोडंसुद्धा घोड्याच्या हृदयाला घातक आहे. चाळीतला सडका कांदा, कारण कांद्याने घोड्याच्या तांबड्या पेशी फुटतात. बुरशी आलेला मका, कारण त्याने मेंदूवर परिणाम होऊन घोडं दगावतं. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात साठवलेला चारा पुसट काळा पडला, कुबट वास आला तरी तो उन्हात घालून ‘बरा’ होत नाही. फेकून द्या.

पाणी 100 किलोमागे किमान 5 लिटर, उन्हाळ्यात किंवा कामाच्या दिवशी दुप्पट. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पहाटे हौदाचं पाणी बर्फासारखं असतं. दुखऱ्या दातांचं घोडं ते पीत नाही आणि दोन दिवसांत लीद अडकते. कोमट करून द्या.

अगदी हाडं उरलेलं घोडं

असं जनावर घरी आणलं की जीव तुटतो आणि माणूस पाटीभर दाणा ओततो. त्यानेच ते मरतं. उपाशी शरीरात एकदम पिष्ट आणि साखर गेली की रक्तातलं फॉस्फरस, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम झपाट्याने उतरतं. घोडं पहिले दोन-तीन दिवस टवटवीत दिसतं आणि मग कोसळतं. पहिले तीन दिवस दर चार तासांनी सुकवलेला घास साधारण अर्धा किलोच द्या, रात्रीसुद्धा. चौथ्या ते दहाव्या दिवसात मात्रा हळूहळू वाढवा आणि वेळा कमी करत तीनवर आणा. दहा दिवस दाणा, गूळ, तेल काही नाही. दात घासणं आणि जंताचं औषधही पशुवैद्याने सांगितल्यावरच.

पुढे अंगावर मांस यायला वेळ लागतो. मोजपट्टीवर एक आकडा चढायला दोन-तीन महिने धरा. तबेल्यात दुसरी तरणी घोडी असतील तर म्हाताऱ्याला वेगळं बांधून खाऊ घाला, नाहीतर तुमचा हिशेब दुसऱ्याच्या अंगाला लागतो. दात नीट, जंत नाहीत, खाणं पोटात जातंय, तरी सहा आठवड्यांत टेप हलली नाही तर रक्त तपासा. लांब कुरळे केस उन्हाळ्यातही गळत नसतील तर ग्रंथींचा आजार असू शकतो. अशा घोड्याला गूळ आणि दाणा बंद, वजन घास आणि तेलावरच वाढवायचं.

आणि खाता खाता मान ताणून नाकातून हिरवट फेस यायला लागला, तर घास अडकलाय. समोरचं खाणं-पाणी लगेच काढा, डोकं खाली राहू द्या, डॉक्टरला फोन करा. नळकांड्याने तेल किंवा पाणी पाजू नका. ते फुप्फुसात जातं.